रिस्टार्ट केलं की आवाज नीट, चार दिवसांनी पुन्हा करकर: ऑडिओ ड्रायव्हरचा पॉइंटर आधी तपासा

स्पीकरमधून दिवसभर आवाज एकदम स्वच्छ येतो, मग कधीतरी अचानक प्रत्येक शब्दावर भुंगा बसल्यासारखी करकर सुरू होते, ॲप बंद करून चालू केलं की सगळं ठीक, आणि दोन-चार दिवसांनी परत तेच. असं कोणाच्या बोर्डवर होत असेल तर बफर (वाजवायचा डेटा तात्पुरता ठेवायची जागा) वाढवायच्या आधी हे वाचून घ्या. आम्ही दोनदा बफर वाढवला आणि दोन्ही वेळा वाटलं की गेला एकदाचा प्रॉब्लेम. तो गेला नव्हता, फक्त लांबला होता, आणि किती लांबला याचा हिशोब नंतर तंतोतंत जुळला तेव्हाच खरं कारण पटलं.

आमचा डबा तसा साधा आहे. एम्बेडेड लिनक्स, एका कोअरची एआरएम चिप, आयटूएसवर (आवाजाचा डेटा नेणाऱ्या तारा) एक कोडेक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, पुढे ॲम्प्लिफायर आणि हॉर्न. नागपूरच्या बाहेर एका गोडाऊनमध्ये टिनाच्या शेडखाली लावलाय, आलेल्या गाड्यांचे नंबर पुकारायला. ४८००० चा सॅम्पल रेट, स्टिरिओ, १६ बिट, पिरियड (बफरचा एक तुकडा) २५६ फ्रेमचा (डाव्या-उजव्याची एक जोडी म्हणजे फ्रेम, ४ बाइट) आणि बफरमध्ये असे दोन पिरियड, म्हणजे एक पिरियड ५.३३ मिलिसेकंदांचा आणि अख्खा बफर १०.६७ चा. एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, पुढे लागेल: आमची स्ट्रीम बूट झाल्यापासून उघडीच असते, पुकारायचं नसेल तेव्हा आम्ही नुसते शून्य पाठवत राहतो, कारण दरवेळी ॲम्प बंद-चालू केला की हॉर्नमधून टप्प असा मोठा आवाज यायचा आणि खाली काम करणारे हमाल दचकायचे.

एप्रिलच्या शेवटी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. "दादा, तुमचा डबा पुन्हा करकरून राहिला, गाडीचा नंबर काही समजूनच नाही राहिला." मी विचारलं कधीपासून, तर म्हणे, "जेवणानंतरच करते तो, सकाळी नाही करत." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि तीन आठवडे त्याच्याकडं पाहिलंच नाही. सगळं उत्तर त्यातच होतं.

आपल्याकडं उन्हाळ्यात आवाजाचं काही बिघडलं की पहिला संशय कूलरवर जातो, आमचाही तिथंच गेला. शेडमध्ये दोन मोठे कूलर, त्यांची मोटर त्याच लाइनवर, अर्थिंग यथातथा. पण मग लाइन आउटची रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतली आणि ऑडॅसिटीमध्ये स्पेक्ट्रम काढला. मेन्सचा हम असता तर ५० आणि १०० हर्ट्झला टेकडी दिसली असती. आमची टेकडी १८७.५ ला होती, मग ३७५, मग ५६२.५. हा १८७.५ आकडा कुठून आला हे पाहायला ४८००० ला २५६ नं भागा, बस. म्हणजे जे काही तुटून राहिलं होतं ते प्रत्येक पिरियडच्या सीमेवर तुटत होतं, कूलर बिचारा उगाच बदनाम झाला. तुम्हीही सगळ्यात आधी हेच करा, करकर ऐकून अंदाज बांधू नका, रेकॉर्ड करून झूम करा आणि दोन तुटींमधलं अंतर मोजा. पिरियडच्या पटीत आलं तर हार्डवेअरवाल्याला त्रास देऊ नका, कोड उघडा.

बरं, हे आमच्या लॅबमध्ये कधीच का दिसलं नाही? कारण आमची टेस्ट होती १ किलोहर्ट्झची साइन आणि टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी पिरियड ४८० ठेवला होता. ४८००० वर १ किलोहर्ट्झचं एक आवर्तन बरोबर ४८ सॅम्पलचं. ४८० च्या पिरियडमध्ये ठीक दहा आवर्तनं. आता ड्रायव्हरनं चुकून जुना पिरियड पुन्हा वाजवला तरी जोड इतका बेमालूम बसतो की कानाला काय, स्पेक्ट्रमलाही कळत नाही. मला हे समजलं तेव्हा खरंच वाईट वाटलं, वर्षभर आम्ही ती टेस्ट पास झाली म्हणून निश्चिंत होतो. ९९७ हर्ट्झ वापरा, ऑडिओ मोजणारे लोक तोच वापरतात कारण तो मूळ संख्या आहे आणि कशाच्याच पटीत बसत नाही. त्याहून चांगलं म्हणजे साइन सोडा आणि रॅम्प पाठवा, म्हणजे पहिल्या फ्रेममध्ये १, दुसरीत २, तिसरीत ३ असं, आणि आयटूएसची डेटा-आउट पिन जम्पर वायरनं डेटा-इनला जोडून परत वाचा. एक फ्रेम जरी गळाली किंवा दोनदा आली तरी आकडे बोलतात.

आता मूळ कोडकडं येतो. अल्सामध्ये, म्हणजे लिनक्सच्या साउंड व्यवस्थेत, प्रत्येक पीसीएम (आवाजाचा डेटा हाताळणाऱ्या) ड्रायव्हरला पॉइंटर नावाचा कॉलबॅक (अल्सानं बोलवायचं फंक्शन) द्यावा लागतो, अल्साचं कोअर (मुख्य भाग, चिपचा कोअर नव्हे) त्याला विचारतं की हार्डवेअर आत्ता बफरमध्ये नेमकं कुठं आहे, आणि उत्तर फ्रेममध्ये द्यायचं. या एका उत्तरावर सगळं चालतं, ॲपला किती जागा रिकामी दाखवायची, कधी उठवायचं, अंडररन (वाजवायला डेटाच न उरणं) झाला की नाही, सगळं. आमच्या ड्रायव्हरमध्ये, जो चिपसोबत मिळालेल्या कोडवरून आम्हीच वाढवला होता, तिथं असं लिहिलं होतं: इंटरप्ट (पिरियड संपल्याची हार्डवेअरची हाक) आला की काउंटर एकनं वाढवायचा, पिरियडची संख्या गाठली की शून्य करायचा, आणि पॉइंटर विचारला की काउंटर गुणिले पिरियड साईज परत द्यायचं. वाचायला अतिशय सुबक. आम्ही तिघांनी तो पॅच रिव्ह्यू केला होता, चेकपॅच (लिनक्स कर्नलच्या कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) स्वच्छ होता, माझीच एक कमेंट होती की व्हेरिएबलचं नाव बदला आणि एरर पाथमध्ये क्लॉक बंद करायचं राहिलंय. पॉइंटरच्या ओळीवर कोणाचीच कमेंट नाही.

ती ओळ पकडली आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीनं. आयटी पार्कसमोरच्या ठेल्यावर आम्ही तर्री-पोहे खात उभे होतो, ती मोबाईलवर डिफ चाळत होती, आणि तिनं विचारलं, "सर, हार्डवेअर इथं आहे हे आपल्याला हार्डवेअरनं सांगितलं का, की आपणच मोजून ठरवलं?" मी म्हटलं इंटरप्ट हार्डवेअरच देतं ना. तर ती म्हणे, "हो, पण दोन पिरियड झाले आणि इंटरप्ट एकच आला तर?" माझ्या हातातली प्लेट तशीच राहिली.

कारण इंटरप्टचा स्टेटस म्हणजे एक बिट असतो. पिरियड संपला, बिट एक झाला. सीपीयूनं इंटरप्ट बंद ठेवलेत म्हणून तो वाचला गेला नाही, तेवढ्यात दुसरा पिरियड संपला, बिट परत एक झाला, तो आधीच एक होता. इंटरप्ट उघडले तेव्हा हँडलर (इंटरप्ट आल्यावर धावणारा कोड) एकदाच धावला, काउंटर एकनंच वाढला, आणि आता आपला काउंटर खऱ्या हार्डवेअरच्या एक पिरियड मागं आहे. आणि तो कायमचा मागं आहे, कारण तो दुरुस्त करणारं कोणीच नाही. पुढच्या प्रत्येक इंटरप्टला तो इमानदारीनं एकनं वाढतो, पण चुकीच्या जागेवरून.

दोन पिरियडच्या बफरमध्ये याचा अर्थ काय ते बघा. डीएमए (सीपीयूशिवाय बफरमधून डेटा उचलून आयटूएसला देणारं हार्डवेअर) पहिला अर्धा भाग वाजवायला सुरू करतं, त्याच क्षणी आपला ड्रायव्हर कोअरला सांगतो की हार्डवेअर आता दुसऱ्या भागात गेलं, पहिला मोकळा आहे. ॲप उठतं आणि पहिल्या भागात नवा डेटा टाकायला लागतं, जो भाग डीएमए आत्ता वाजवून राहिलं. ॲपला उठायला अर्धा मिलिसेकंद लागतो, तोवर डीएमएनं वीस-पंचवीस फ्रेम शिळ्या वाजवलेल्या असतात, मग मेमकॉपी झपकन पुढं निघून जाते आणि उरलेला पिरियड ताजा वाजतो. प्रत्येक पिरियडच्या सुरुवातीला शिळ्या पंचवीस फ्रेम. सेकंदाला १८७.५ वेळा. हाच तो भुंगा.

आणि अंडररनचा रिपोर्ट मात्र शून्य. कोअरला दिलेले आकडे आपसात एकदम सुसंगत असतात, त्यामुळं लॉगमध्ये काही म्हणजे काही येत नाही, स्ट्रीम बंद करून उघडली की काउंटर शून्यापासून सुरू होतो आणि डीएमएसुद्धा, म्हणून रिस्टार्टनं "बरं" होतं.

इथून पुढे सगळे धागे एकमेकांत बसत गेले. दोन पिरियड असताना एक इंटरप्ट हरवला की करकर. चार पिरियड केले तर तीन हरवावे लागतात. आठ केले तर सात. आम्ही बफर दोनाचा चार केला तेव्हा अडीच-तीन दिवस शांत गेले, आठ केला तेव्हा जवळजवळ आठवडा. आणि अगदी सुरुवातीला ऑपरेटर कधीकधी सांगायचा की काही न करता आपोआपच नीट झाला, तेही खरंच होतं, दोनाच्या बफरमध्ये दुसरा इंटरप्ट हरवला की चूक पूर्ण एक फेरा मारून जागेवर येते. आम्ही त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नव्हता. आठच्या बफरला आणखी एक दुखणं लागलं, माइकवर बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज हॉर्नमधून उशिरा यायला लागला, कारण कॅप्चरलाही (माइककडून आत येणाऱ्या आवाजाला) तेवढाच बफर, दोन्ही मिळून ८५ मिलिसेकंद.

मग प्रश्न राहिला की इंटरप्ट इतका वेळ बंद ठेवतं कोण? साडेपाच मिलिसेकंद म्हणजे कर्नलच्या हिशोबात फार मोठा काळ. इर्क्स-ऑफ ट्रेसर (इंटरप्ट किती वेळ बंद होते ते मोजणारं कर्नलचं साधन) लावला आणि तीन तास बसलो, काहीच नाही, सगळं मायक्रोसेकंदांत. तेव्हा ती वही उघडली. जेवणानंतरच करते, सकाळी नाही करत. दुपारी टिनाच्या शेडखाली काय बदलतं? आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर, टिनाखाली बंद डब्यात काय होत असेल ते सांगायला नको. ट्रेसर चालू ठेवून डब्यावर हेअर ड्रायर धरला. चौथ्या मिनिटाला ट्रेसरमध्ये जवळपास ७ मिलिसेकंदांची रेघ आली आणि सिरियल कन्सोलवर एक ओळ उमटली, थर्मल ड्रायव्हरची, की तापमान मर्यादेपलीकडं गेलंय, क्लॉक कमी करतोय.

ती ओळ हाच गुन्हेगार. थर्मलचा इंटरप्ट हँडलर प्रिंटके (कर्नलचं लॉगमध्ये ओळ लिहिणारं फंक्शन) करत होता, आमचा कर्नल जुना, आणि जुन्या प्रिंटकेमध्ये कन्सोलवर ओळ जाईपर्यंत इंटरप्ट बंद असतात. सिरियल सेकंदाला ११५२०० बिटवर, एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, ऐंशी अक्षरांची ओळ म्हणजे ६.९ मिलिसेकंद. पिरियड ५.३३ चा. ६.९ च्या त्या अंधारात एक सीमा तर हमखास येतेच, दोन येण्याची शक्यता साधारण दहात तीन. म्हणजे अशा तीन-चार ओळींमागे एक इंटरप्ट हरवतो. लॉग काढला तर दुपारी दिवसाला सरासरी चारच ओळी. चार ओळींना एक इंटरप्ट, चारच्या बफरला तीन दिवस, आठच्या बफरला आठवडा, बघा जुळतंय की नाही.

मग लॉग आणि तक्रार यांचा मेळ आधी का लागला नाही, तर वर सांगितलेलं आठवा, स्ट्रीमवर बहुतेक वेळ शून्य जात असतं. शिळे शून्य आणि ताजे शून्य यात फरक ऐकू येत नाही. इंटरप्ट हरवला सव्वादोनला, गाडी आली साडेतीनला, करकर ऐकू आली साडेतीनला, आम्ही साडेतीनचे लॉग चाळत बसलो.

पक्का पुरावा कसा घ्यायचा तेही सांगतो, कारण इथं आमचे दोन दिवस वाया गेले. पहिला प्रयत्न असा होता की अल्साच्या प्रॉक फाइलमध्ये सबस्ट्रीमचा स्टेटस दिसतो, त्यातला हार्डवेअर पॉइंटर घड्याळाशी ताडून बघू, तासाला १७ कोटी २८ लाख फ्रेम व्हायला पाहिजेत. हे करू नका. क्लॉकच्या क्रिस्टलमध्ये ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला तरी तासाला ८६४० फ्रेमची तफावत पडते, त्यात आपली २५६ कुठल्या कुठं बुडून जाते. दुसरा प्रयत्न, शेलमधून स्टेटस वाचायचा आणि डेव्हमेमनं डीएमएचा रजिस्टर वाचायचा. तेही बेकार, दोन कमांडच्या मधल्या वेळात डीएमए पिरियडभर पुढं निघून जातं. बरोबर जागा म्हणजे इंटरप्ट हँडलरच. तिथं आपला काउंटर आणि डीएमएचा चालू पत्ता दोन्ही एकाच वेळी ट्रेस-प्रिंटकेनं लिहा, साध्या प्रिंटकेनं अजिबात नाही, नाहीतर आजार बघायला गेलो आणि आजार वाढवून आलो असं होईल. ट्रेस-प्रिंटके मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितं, कन्सोलला हात लावत नाही.

चांगल्या अवस्थेत आम्हाला असं दिसायचं: काउंटर म्हणतो फ्रेम ०, डीएमएचा ऑफसेट ३२ बाइट, चारनं भागलं की ८ फ्रेम, म्हणजे सीमेच्या जरासं पुढं, इंटरप्ट पोहोचायला लागलेला वेळ. हेअर ड्रायरनंतर: काउंटर म्हणतो ०, ऑफसेट १०५६ बाइट, म्हणजे फ्रेम २६४. बरोबर एक पिरियड आणि वर तेच ८. पुढच्या प्रत्येक ओळीत तेच. ती ओळ स्क्रीनवर आली तेव्हा लॅबमध्ये कोणी काही बोललं नाही, ती मुलगी फक्त हसली.

दुरुस्ती काय केली? पॉइंटरमध्ये मोजणं बंद, डीएमएच्या कंट्रोलरला विचारायचं की किती बाकी आहे, त्यावरून जागा काढायची. इंटरप्ट हँडलरनं फक्त एवढंच सांगायचं की पिरियड उलटला. दोन पिरियड उलटून एकच इंटरप्ट आला तरी चालतं, कोअर पॉइंटर विचारतं आणि जेवढं अंतर कापलं गेलं तेवढं सगळं एकदम धरतं. तुम्ही जेनेरिक डीएमए-इंजिन पीसीएम वापरत असाल तर तिथं पॉइंटरची दोन फंक्शनं आहेत, एक रेसिड्यू (किती डेटा बाकी) वाचणारं आणि एक "नो रेसिड्यू" वालं जे कॉलबॅक मोजतं. दुसरं वापरू नका, कोडमध्येच त्याला जुनं आणि बेभरवशाचं म्हटलंय. तिथं तर इंटरप्ट वेळेवर आला तरी धोका आहे, कारण कॉलबॅक टास्कलेटमधून (इंटरप्टनंतर जरा उशिरा धावणारं काम) जातो आणि टास्कलेट धावेपर्यंत दोन पिरियड झाले तरी कॉलबॅक एकदाच जातो. आणि डीएमए ड्रायव्हर रेसिड्यू किती बारीक सांगतो तेही बघा, काही बर्स्टपर्यंत (एका दमात नेलेला छोटा तुकडा) सांगतात, काही सेगमेंटपर्यंतच (आमच्याकडं एक पिरियड).

एक बारीक गोष्ट. आमच्या कंट्रोलरमध्ये कुठला सेगमेंट आणि त्यात किती बाकी हे दोन वेगळे रजिस्टर आहेत. पहिला वाचून दुसरा वाचेपर्यंत सेगमेंट बदलला तर जागा एक पिरियडनं चुकते. म्हणून सेगमेंट, बाकी, परत सेगमेंट असं वाचायचं, दोन्ही सेगमेंट सारखे नसतील तर पुन्हा. आणि फ्रेम-बाइटची गल्लत तपासा, आणि उत्तर बफर साईजएवढं आलं तर शून्य करा, कोअर नाहीतर इनव्हॅलिड पोझिशन म्हणून ओरडतं.

या दोन रजिस्टरसाठी मी पॉइंटरमध्ये ड्रायव्हरचा स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतला आणि तिथं नवीन खड्डा खणून ठेवला. जुन्या बोर्डवर दोन दिवस मस्त चाललं, नव्या चार कोअरच्या बोर्डवर पहिल्याच इंटरप्टला सिस्टीम गोठली. झालं असं की आमचा इंटरप्ट हँडलर तोच लॉक धरून पिरियड-इलॅप्स्ड (पिरियड उलटला हे कोअरला सांगणारं फंक्शन) बोलवत होता, ते आतून स्ट्रीमचा लॉक घेऊन आमच्याच पॉइंटरला विचारतं, आणि पॉइंटर तोच लॉक मागतो जो हँडलरनं आधीच धरलाय. एका कोअरच्या कर्नलमध्ये डीबग बंद असेल तर स्पिनलॉक म्हणजे जवळपास काहीच नसतं, म्हणून जुन्या बोर्डवर गप्प बसलं. कर्नलच्या अल्सा गाईडमध्ये स्पष्ट लिहिलंय की पिरियड-इलॅप्स्डच्या आधी आपला लॉक सोडा. तो सोडला आणि काम झालं. पण आता आमच्याकडं नियम आहे की टेस्ट कर्नलमध्ये प्रूव्ह-लॉकिंग (लॉकचे घोळ पकडणारं) आणि डीबग-ॲटॉमिक-स्लीप (थांबायला मनाई असताना थांबणारा कोड पकडणारं) दोन्ही चालू, बोर्ड एका कोअरचा असला तरी. दुसरा पर्याय ट्रिगरसाठी (स्ट्रीम सुरू-बंद करणारा कॉलबॅक) फार कामाचा आहे, ट्रिगर सहसा स्ट्रीम लॉक धरून आणि इंटरप्ट बंद असताना येतो, आणि तिथं कोणीतरी कोडेकला आयटूसीवरून (कोडेकला हुकूम पाठवायच्या तारा) म्यूट करायला जातं. आयटूसी झोपतं, म्हणजे काम होईपर्यंत थांबून राहतं, आणि ट्रिगरमध्ये तसं थांबता येत नाही. ते काम प्रिपेअरमध्ये (सुरू होण्याआधीचा कॉलबॅक) किंवा डीएआयच्या (कोडेकच्या ऑडिओ जोडणीच्या) म्यूट कॉलबॅकमध्ये करा.

आरटीओएसवाल्यांना (लिनक्सऐवजी छोटी रिअल-टाइम सिस्टीम वापरणाऱ्यांना) सांगतो, तुमच्याकडं अल्सा नसलं तरी हाच किडा असतो. सर्क्युलर डीएमएचा हाफ आणि कम्प्लीट इंटरप्ट येतो आणि हँडलरमध्ये लोक एक फ्लॅग उलटापालटा करत राहतात, आता पहिला अर्धा, आता दुसरा अर्धा. एक इंटरप्ट गळाला की फ्लॅग कायमचा उलटा. फ्लॅग उलटवू नका, डीएमएच्या काउंटरवरून अर्धा ओळखा.

तुमची करकर जर पहिल्या सेकंदापासून असेल, रिस्टार्टनंही जात नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तुमचा संशय कॅशवर (सीपीयूजवळची जलद मेमरी) जाऊ द्या. कॉर्टेक्स-एम४ वरून एम७ वर आलेल्यांना हे फार भेटतं, एम७ मध्ये डेटा कॅश आहे, ३२ बाइटची लाइन म्हणजे आपल्या हिशोबात ८ फ्रेम, सीपीयूनं लिहिलेलं कॅशमध्येच बसून राहतं आणि डीएमए मेमरीतलं जुनं वाजवतं. बफर नॉन-कॅशेबल ठेवा किंवा प्रत्येक लिहिण्यानंतर क्लीन करा (कॅशमधलं मेमरीत उतरवा), आणि बफर ३२ च्या सीमेवर सुरू आणि ३२ च्या पटीत संपला पाहिजे. आणि आवाज स्वच्छ पण जाडा, मंद येत असेल तर ते क्लॉकचं काम, ४८००० ला १२.२८८ मेगाहर्ट्झ आणि ४४१०० ला ११.२८९६ लागतो, एकच क्रिस्टल दोघांना पुरवायला गेलात तर असंच होतं.

टेस्टचं शेवटचं. आता हेअर ड्रायर लागत नाही. एक छोटा टेस्ट मॉड्यूल आहे, डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या डीबग फाइलींत) आकडा लिहिला की तेवढे मिलिसेकंद इंटरप्ट बंद करून एमडिले करतो, म्हणजे नुसता थांबतो. ११ लिहा. दोन पिरियड १०.६७ चे, त्यामुळं ११ मध्ये दोन सीमा येतातच येतात आणि कमीत कमी एक इंटरप्ट हरवतोच हरवतो. आठवड्याचा आजार पाच सेकंदांत.

नवा पॅच टाकून हीच टेस्ट रॅम्पवर चालवली आणि पुन्हा उडी दिसली. माझं तोंड उतरलं. तीन तास पॉइंटरचं फंक्शन ओळ न ओळ वाचलं, ट्रेस म्हणत होता की प्लेबॅक बरोबर आहे, आकडे म्हणत होते की नाही. मग जुना आणि नवा लॉग शेजारी ठेवले. जुन्यात पिरियडच्या पहिल्या पंचवीस फ्रेमचे आकडे ५१२ नं मागं होते, शिळे. नव्यात ते ५१२ नं पुढं होते. शिळा डेटा पुढचा कसा असेल? असू शकतो, वाचणारा उशिरा आला आणि लिहिणारा त्याच जागेवर पुढचा फेरा सुरू करून बसला असेल तर. म्हणजे डेटा बाहेर जाताना नीट जात होता, आत येताना बिघडत होता. कॅप्चरच्या बाजूला तोच काउंटर, तोच गुणाकार, दुसऱ्या फाइलमध्ये कॉपी केलेला. तो पॅच आज दुपारी पाठवला, रिव्ह्यूला त्याच मुलीचं नाव टाकलंय.